बारा बोअरची काडतुसे हाताने भरण्याचा संच: दोन वर्षांच्या वापरानंतर

छर्ऱ्याच्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची कवचे) पुन्हा भरायच्या म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेजाला बोल्टने आवळलेला, लांब दांड्याचा प्रेस उभा राहतो. मी ज्या संचाविषयी लिहीत आहे तो तसा नाही. तो शिवणाच्या डब्याएवढ्या लाकडी पेटीत मावतो, त्याला वीज लागत नाही, पक्के मेजही लागत नाही, आणि त्यातले एकमेव यंत्र म्हणजे आपला हात व त्या हातातली हातोडी. गेली दोन वर्षे मी तो वापरतो आहे. त्यावर हजारभर काडतुसे भरून झाल्यामुळे पहिल्या आठवड्यातले कौतुक आता ओसरले आहे आणि पहिल्या महिन्यातला वैतागही. मत आधीच सांगून टाकतो: पुंगळीच्या बुडाशी करायची कामे हा संच उत्तम करतो, मधली कामे बेताची करतो, आणि तोंडाशी करायचे काम, म्हणजे तोंड दुमडून बंद करायची शेवटची घडी, तो पुंगळीच्या मर्जीवर सोडतो.

संच घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. बंदुकीचा परवाना असला म्हणजे बंदुकीची दारू व प्रायमर (ठोका बसताच दारू पेटवणारी बुडातली छोटी स्फोटक डबी) बाळगण्याची, किंवा काडतुसे घरी भरण्याची मुभा आपोआप मिळते असे नाही. देशोदेशीचे कायदे या बाबतीत वेगवेगळे आहेत. कुठे हा सर्रास चालणारा छंद आहे, तर कुठे त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. संच विकणारा हे सांगेलच असे नाही, म्हणून ही चौकशी लेखी करावी आणि ती संच घेण्याच्या आधी करावी.

असा संच एकाच बोअरसाठी आणि एकाच लांबीसाठी घडवलेला असतो. माझा बारा बोअरचा आणि ७० मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो; त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते, हे नवख्याला नेहमीच उलटे वाटते. (फक्त .४१० हा आकडा या हिशेबात बसत नाही, कारण तो थेट इंचातला व्यास आहे.) लांबीबाबतही असाच घोटाळा होतो. ७० मिलिमीटर ही बार झाल्यावर तोंड पूर्ण उघडलेल्या पुंगळीची लांबी असते. भरून घडी घातलेले काडतूस त्याहून बरेच आखूड भरते. त्यामुळे भरलेले काडतूस मोजून संच मागवणारा माणूस हमखास चुकीची लांबी सांगतो.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मध्यस्फोटी (बुडाच्या मधोमध प्रायमर असलेली) काडतुसे रुळल्यावर, कागदाच्या आणि पितळेच्या पुंगळ्या घरी भरणे शिकाऱ्यांमध्ये अगदी सामान्य होते. इंग्लंडात शेफिल्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्सली यांच्यासारख्या कारागिरांनी, तर अमेरिकेत न्यू हेवनच्या आयडियल कंपनीने त्यासाठी लहान लहान सुबक अवजारे काढली. आयडियलचा हा व्यवसाय १९२५ साली लायमनकडे गेला. त्या काळची मेजाच्या कडेला स्क्रूने अडकवायची, हँडल फिरवून पुंगळीचे तोंड आत वळवणारी पितळी यंत्रे आजही जुन्या वस्तूंच्या लिलावात दिसतात आणि पुष्कळदा कामही देतात. आजच्या हातसंचांचा थेट पूर्वज मात्र १९५८ सालचा ‘ली लोडर’ आहे. रिचर्ड ली यांनी तो घरच्या कार्यशाळेत छर्ऱ्याच्या काडतुसांसाठीच प्रथम बनवला. रायफल आणि पिस्तुलाची आवृत्ती त्यानंतरची. पुढे त्याच कंपनीचा ‘हँड प्रेस’ निघाला, पण तो धातूच्या काडतुसांच्या डायसाठी (साच्यांसाठी) आहे. नावातल्या ‘हँड’ला भुलून तो छर्ऱ्याच्या काडतुसांसाठी घेणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून ही नोंद.

माझ्या संचात दहा सुटे भाग आहेत: जुना प्रायमर पाडायची बारीक सळई, बूड पुन्हा मापात आणणारे पोलादी कडे, दोन बाजूंनी वापरायचा ठोकळा, दारूची पळी, छर्ऱ्यांची पळी, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला डाट) आत सारायची पाकळ्यांची गळपट्टी, ठासणी, सहा घड्यांची आणि आठ घड्यांची अशा घडी सुरू करायच्या दोन टोप्या, आणि घडी पक्की करायचा शेवटचा साचा. कडे व ठोकळा पोलादाचे आहेत आणि त्यांची लेथवरची सफाई चांगली आहे; दोन वर्षांत त्यांच्यावर फक्त बोटांच्या घामाचा किंचित गंज दिसला आणि तो तेलाच्या फडक्याने निघाला. पळ्या प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांच्यावर काय माप आहे ते छापलेले आहे, कोरलेले नाही. ते छापील आकडे सहा महिन्यांत पुसले गेले.

बुडापासून सुरुवात करू. पुंगळी ठोकळ्याच्या भोकावर उभी धरायची, सळई तोंडातून आत सोडायची आणि हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. जुना प्रायमर खाली भोकात पडल्याचा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. मग पोलादी कडे. बार होताना पुंगळीचे धातूचे बूड कोठीच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, मापाएवढे फुगते. त्याच एका दुनळीत किंवा एकनळीत ती पुन्हा वापरायची असेल तर कड्याची फारशी गरज पडत नाही, पण पंप किंवा अर्धस्वयंचलित बंदुकीत न आवळलेली पुंगळी अडकते आणि मग बाहेर निघता निघत नाही. पितळी बुडाच्या पुंगळ्या दोन ठोक्यांत कड्यात उतरतात. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी बुडाच्या पुंगळ्या चार-पाच ठोके घेतात आणि बाहेर निघाल्यावर थोड्या पुन्हा फुगतात, कारण लोखंड स्प्रिंगसारखे मागे येते. चुंबक लावून पाहिला की कोणती पुंगळी कोणत्या जातीची ते लगेच कळते. मी आता लोखंडी बुडाच्या पुंगळ्या दोनदा कड्यातून काढतो, आणि तेवढ्याने माझ्या पंप बंदुकीची तक्रार मिटली आहे.

नवा प्रायमर बसवायची पद्धत या संचाची सर्वांत हुशारीची बाजू आहे आणि सर्वांत धोक्याचीही. प्रायमर ठोकळ्याच्या खाचेत तोंड वर करून ठेवायचा, पुंगळी त्यावर उभी करायची, आतून ठासणी सोडायची आणि तिच्यावर ठोका देऊन पुंगळीचे बूडच प्रायमरवर बसवायचे. प्रायमर बुडाच्या पातळीला आला की हाताला जाणवते: ठोक्याचा आवाज पोकळ असतो तो एकदम भरीव होतो. पहिल्याच महिन्यात माझा एक प्रायमर इथेच उडाला. खाचेत जुन्या प्रायमरची काजळी साठली होती, नवा प्रायमर तिरका बसला, आणि तो सरळ करण्यासाठी मी जरा जोरात ठोकला. पुंगळी रिकामी होती म्हणून मोठ्या फटाक्याएवढा आवाज आणि बधिर झालेली बोटे एवढ्यावरच भागले. डोळ्यांवर चष्मा होता, तो नसता तर काय झाले असते याचा विचार नको वाटतो. त्यानंतर मी या पायरीला हातोडी वापरणेच सोडले. आता ठासणीवर लाकडाचा तुकडा ठेवून अंगाचा भार देतो. काम थोडे सावकाश होते, पण प्रायमर अधिक सरळ बसतो. संचाच्या पत्रकात मात्र हातोडीच सांगितली आहे.

प्रायमरच्या मापाबद्दल आणखी थोडे. छर्ऱ्याच्या काडतुसांचा रूढ प्रायमर ‘२०९’ या नावाने मिळतो, पण सगळे २०९ एकाच मापाचे नसतात. चेडाइटसारखे युरोपीय बनावटीचे प्रायमर अमेरिकी प्रायमरपेक्षा अंमळ जाड असतात, आणि ते एकदा बसवले की पुंगळीचे भोक कायमचे मोठे होते. त्या पुंगळीत नंतर बारीक प्रायमर घातला तर तो अंगठ्यानेही आत जातो. असा ढिला प्रायमर वापरू नये. पुंगळ्यांच्या थैल्या मी त्यामुळेच प्रायमरच्या जातीप्रमाणे वेगळ्या ठेवतो.

आता मधला भाग, म्हणजे दारू, वॅड आणि छर्रे. पळीने दारू मोजायची पद्धत ऐकायला ढोबळ वाटते, पण पळी नीट वापरली तर ती बरीच सुसंगत माप देते. पळी दारूत खुपसून उकरायची नाही. ती बुडाच्या बाजूने दारूत दाबायची, म्हणजे दारू कडेवरून आपली आपण आत वाहते, मग वर काढून पत्त्याच्या कडेने सपाट करायची. हलवायची नाही, ठोकायची नाही, दर वेळी अगदी तीच हालचाल करायची. बिनधुराच्या दारूच्या चकत्या असतात आणि त्या कशा रचल्या जातात त्यावर वजन बदलते, म्हणून हात बदलला की माप बदलते. माझ्या हातून सलग दहा पळ्या काट्यावर टाकल्या तर बहुतेक एकमेकींच्या अर्ध्या ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) आत येतात. शनिवारी निवांतपणे भरलेल्या त्याहून जवळ आणि घाईत भरलेल्या त्याहून लांब. हौशी नेमबाजीला हे चालते. पण पळीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष पडणारे वजन हे दोन्ही त्या दारूच्या डब्यापुरतेच एकमेकांशी जुळलेले असतात, म्हणून काटा हवाच. या संचात काटा नाही, आणि काट्याविना हा संच अपुरा आहे असे मी स्पष्ट सांगेन.

पत्रकातल्या दारूच्या तक्त्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. ज्या दारूंची मापे त्यात दिली आहेत त्यातल्या अर्ध्यांची नावे आता कुठल्याच दुकानात ऐकू येत नाहीत, आणि पळीचे माप ग्रेनमध्ये किती भरते ते कुठेही लिहिलेले नाही. मी उत्पादकाला दोनदा लिहिले. एकदाही उत्तर आले नाही. अशा वेळी दारू बनवणाऱ्या कंपनीचा चालू काळातला छापील तक्ता घ्यावा, आणि त्यातले पुंगळी, प्रायमर, वॅड आणि छर्ऱ्यांचे वजन हे चारही घटक जसेच्या तसे पाळावेत. बारा बोअरच्या ७० मिलिमीटर काडतुसासाठी अमेरिकी मानकाची कमाल दाबमर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, म्हणजे रायफलच्या तुलनेत फारच कमी; शॉटगनची नळी पातळ असते ती त्यामुळेच. केवळ प्रायमरची जात बदलली तरी हा दाब लक्षणीय हलतो.

याच संदर्भात ‘ड्रॅम’ या शब्दाचा सापळा सांगायला हवा. विकतच्या काडतुसांच्या खोक्यावर ‘३ ड्रॅम’ असे छापलेले असते. एक ड्रॅम म्हणजे सुमारे २७.३ ग्रेन, आणि तीन ड्रॅम म्हणजे ८२ ग्रेन, हे गणित बरोबर आहे. पण ते काळ्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या दारूचे आहे. आतल्या बिनधुराच्या दारूचे वजन त्याच्या अगदी थोड्या भागाएवढे असते, आणि खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ एवढाच की हे काडतूस काळ्या दारूच्या तीन ड्रॅमने जो वेग आला असता तो वेग देते. हा आकडा वजन समजून कोणी बिनधुराची दारू ओतली तर बंदूक फुटेल. जुन्या पितळी मापांवर ड्रॅमच्या खुणा असतात, आणि अशी मापे आजही हातसंचांबरोबर जोडून विकली जातात, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिले.

एक नियम मी पेटीच्या झाकणावर लिहून ठेवला आहे: दारू आत पडली की हातोडी पेटीत. यापुढचे सगळे काम तळहाताच्या दाबाने करायचे. ठोकळ्याची दुसरी बाजू याच टप्प्यासाठी आहे. तिच्या मधोमध उथळ पोकळी आहे, त्यामुळे वरून दाब दिला तरी प्रायमरला काही टेकत नाही. ही पोकळी नसलेल्या ठोकळ्याचा संच कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

वॅड सारण्याची गळपट्टी साधी पण चोख आहे. एकदा वापरलेल्या पुंगळीच्या तोंडाला जुन्या घडीच्या रेषा आणि किंचित आत वळलेली कड असते, आणि प्लास्टिकच्या वॅडचा खालचा पातळ घेर त्या कडेवर अडकून दुमडतो. तसा तो दुमडला तर वायू बाजूने निसटतो आणि बार ‘फुस्स’ होतो. गळपट्टीच्या लवचीक पाकळ्या ती कड बाजूला धरतात आणि वॅड सरळ खाली जातो. जुन्या नमदा आणि पुठ्ठ्याच्या वॅडच्या काळी ठासणीवर किती पौंड दाब द्यायचा याचेही तक्ते असत. प्लास्टिकच्या वॅडला तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, वॅड दारूवर टेकला की पुरे. ठासणीवर मी एक छोटी सुधारणा केली आहे. वॅड योग्य जागी टेकलेला असताना पुंगळीच्या तोंडाच्या पातळीला ठासणीवर कानसेने एक रेघ ओढली. आता रेघ तोंडाच्या वर राहिली तर दारू दोनदा पडली असे समजायचे, आणि आत बुडाली तर दारू पडलीच नाही. हजार काडतुसांत या रेघेने मला एकदा रिकाम्या काडतुसापासून वाचवले आहे. दहा मिनिटांचे काम आहे. उत्पादकाने स्वतःच करून द्यायला हरकत नव्हती.

छर्ऱ्यांची पळी सव्वा औंसापासून खाली वेगवेगळ्या मापांची मिळते. मी सव्वा औंसाऐवजी एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाची वापरतो, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम, किंवा आपल्या जुन्या हिशेबात पावणेतीन तोळे. ऑलिंपिकच्या मातीच्या तबकड्यांच्या स्पर्धांत २४ ग्रॅमचे काडतूस चालते, त्याची पळी वेगळी घ्यावी लागते. छर्ऱ्यांचा नंबर आणि व्यास यांचे नाते अमेरिकी पद्धतीत लक्षात ठेवायला सोपे आहे: सतरातून नंबर वजा केला की शतांश इंचातला व्यास मिळतो, म्हणून नऊ नंबरचा छर्रा ०.०८ इंचाचा, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचा. मोठ्या छर्ऱ्यांच्या मध्ये पोकळी जास्त राहत असल्याने तीच पळी नंबरागणिक थोडे वेगळे वजन देते. काट्यावर एकदा पाहून घेतले की झाले. शिशाच्या पळीने पोलादी छर्रे मात्र कधीही मोजू नयेत. पोलाद शिशाहून तीस टक्क्यांनी हलके आहे हा फरक त्यातला लहान भाग झाला. पोलादी छर्ऱ्यांना वॅड वेगळा, दारू वेगळी आणि तक्ता पूर्ण वेगळा लागतो, आणि हा संच त्यासाठी बनलेलाच नाही. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ज्या टेबलावर जेवतो त्यावर हे काम करू नये, हे सांगायची गरज नसावी.

आता घडीकडे वळतो, कारण इथेच या संचाची कसोटी लागते. नव्या काडतुसाचे तोंड पाहिले तर त्यावर सहा किंवा आठ पाकळ्यांचा तारा दिसतो. प्लास्टिकला जुन्या घडीची आठवण असते, आणि पुन्हा घडी घालताना त्याच रेषांवरून ती घालायची असते. म्हणून दोन टोप्या दिल्या आहेत. आठ घड्यांच्या पुंगळीवर सहाची टोपी दाबली तर तोंडाचा चोळामोळा होतो आणि ती पुंगळी तिथेच बाद होते. बरोबर टोपीसुद्धा डोळे मिटून दाबता येत नाही; तिच्या आतल्या कंगोऱ्यांना पुंगळीच्या जुन्या रेषा बोटांनी चाचपून जुळवाव्या लागतात. प्रेसमध्ये ही टोपी मोकळी फिरते आणि आपली जागा आपण शोधते, इथे ती फिरत नाही. सुरुवातीला मी एका तोंडावर पाऊण मिनिट घालवत असे. आता टोपी टेकवून किंचित डावी-उजवीकडे हलवली की कंगोरे रेषांत बसल्याचा बारीक खटका अंगठ्याला कळतो आणि मग दाब देतो.

घडी सुरू झाल्यावर शेवटचा साचा ठेवून अंगाचा पूर्ण भार द्यायचा. ताज्या, एकदाच उडवलेल्या पुंगळीवर याचा परिणाम इतका चांगला येतो की खोक्यातले काडतूस कोणते आणि घरचे कोणते हे ओळखता येत नाही. दुसऱ्या भरणीलाही ठीक. तिसऱ्या भरणीपर्यंत पाकळ्यांच्या टोकांना भेगा पडू लागतात, प्लास्टिक मऊ होते, आणि ताऱ्याच्या मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढे भोक उरते. साडेसातच्या छर्ऱ्यांना ते भोक पुरत नाही, पण नऊ नंबरचे छर्रे त्यातून एक-एक करून खिशात गळतात. खिशाच्या शिवणीत सापडलेले छर्रे हा या संचाच्या प्रत्येक मालकाचा अनुभव असावा. प्रेसमध्ये दांड्याची ताकद जास्त असल्याने हीच म्हातारी पुंगळी आणखी दोन-तीन भरण्या निभावून नेते. तळहाताला तेवढी ताकद नाही. भोक बुजवायचे म्हणून जास्त दाबले तर घडी आत खचते आणि बाजू फुगतात, आणि फुगलेले काडतूस कोठीत जात नाही. छर्ऱ्यांची पातळी खोल असली तर वॅडच्या तळाशी वीस बोअरचा पुठ्ठ्याचा गोल टाकून ती उचलता येते, पण तक्त्यात त्याला मान्यता असेल तरच.

पुंगळीची बांधणीही इथे बोलते. दाबून एकसंध घडवलेल्या, आतून निमुळत्या पुंगळ्या घडी जास्त काळ धरतात. नळीसारख्या सरळ आणि तळाशी वेगळा डाट बसवलेल्या पुंगळ्या लवकर थकतात, आणि त्यांचा डाट सैल झाला आहे का तेही दर वेळी आत डोकावून पाहावे लागते. दोन्हींना लागणारा वॅडही सारखा नसतो. संच विकणारे हे भेद सांगत नाहीत. ‘सर्व पुंगळ्यांसाठी’ असे खोक्यावर ठसठशीत लिहितात.

थकलेल्या पुंगळ्यांवर मी काढलेला उपाय म्हणजे गोल वळणाची घडी. पाकळ्यांचा फाटका भाग धारदार पात्याने सरळ कापून टाकायचा, छर्ऱ्यांवर पातळ पुठ्ठ्याची चकती ठेवायची, आणि तोंडाची कड आत वळवायची, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनी घातली तशीच घडी. त्यासाठी साध्या ड्रिलमध्ये बसणारी एक पोकळ पोलादी मुंडी मिळते. तिच्या आत दोन छोट्या खुंट्या असतात. ड्रिल अगदी हळू फिरवून ती तोंडावर दाबली की घर्षणाने प्लास्टिक ऊनऊन होऊन मऊ पडते, खुंट्या त्याला आत वळवतात, आणि ड्रिल थांबवून चार-पाच सेकंद तसेच धरले की ते थंड होऊन त्याच आकारात घट्ट बसते. वेग जास्त झाला तर प्लास्टिक वितळून दोऱ्या सुटतात; माझ्या पहिल्या पाच पुंगळ्या अशाच गेल्या. या घडीला पुंगळीची लांबी कमी लागते, म्हणून कापलेली पुंगळी चालते, पण दाब वेगळा येत असल्याने तक्ताही गोल घडीचाच आणि त्या लांबीचा हवा. संचाच्या सुटसुटीतपणाला यामुळे थोडा बट्टा लागतो, कारण आता बरोबर ड्रिल वागवावे लागते. हाताने फिरवायचे जुने ड्रिल मात्र या कामाला फार छान आहे. त्याचा वेग मुळातच कमी.

पूर्ण पितळेच्या पुंगळ्यांना घडीच लागत नाही, वरची चकती चिकटवली की काम होते, आणि त्यामुळे हातसंचवाल्यांना त्यांचा मोह पडतो. पण मॅगटेक कंपनीच्या पितळी पुंगळीला २०९ नव्हे तर पिस्तुलाचा मोठ्या मापाचा प्रायमर लागतो, आणि तिची भिंत पातळ असल्याने बारा बोअरच्या पुंगळीत दहा किंवा अकरा बोअरचे वॅड घालावे लागतात. या संचाचा ठोकळा, कडे आणि साचे तिथे निरुपयोगी ठरतात.

वेगाविषयी थोडक्यात: सगळे साहित्य मांडून बसल्यावर माझी तासाला पंचवीस काडतुसे होतात, आणि त्याहून घाई मी करत नाही. दर आठवड्याला तबकड्यांच्या चार फेऱ्या मारणाऱ्याने हा संच घेऊ नये. त्याने मेजावरचा प्रेस घ्यावा, एकाच जागी बसवावा आणि शंभरी सहज गाठावी. महिन्याला पन्नासेक काडतुसे उडवणारा, भाड्याच्या घरात मेजाला भोके पाडता न येणारा, किंवा एखाद्या जुन्या बंदुकीसाठी बाजारात न मिळणारे हलके काडतूस हवे असणारा माणूस, यांच्यासाठी मात्र तो योग्य आहे. कोणत्याही परिस्थितीत वजनकाटा आणि डोळ्यांचा चष्मा त्याच दिवशी विकत घ्यावा, आणि गोल घडीची मुंडी तिसऱ्या महिन्यापर्यंत.

माझी सध्याची पद्धत अशी बसली आहे. प्रत्येक भरणीला पुंगळीच्या बुडावर पक्क्या शाईच्या पेनाने एक ठिपका देतो. दोन ठिपक्यांपर्यंत ताऱ्याची घडी, तिसऱ्याला पात्याने तोंड कापून गोल घडी, आणि चौथा ठिपका द्यायची वेळ आली की त्या पुंगळीचे बूड चिमट्याने चेपून ती टाकून देतो, म्हणजे ती चुकून पुन्हा थैलीत येत नाही.